‘सिस्टर, बाबा घोरायला लागलेत’

ताई, सादर नमस्कार.

मी २७ वर्षांची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली स्टाफ नर्स. तालुक्याच्या गावातल्या ४० खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात चार वर्षं आहे. दीड वर्षापूर्वी हॉस्पिटलने आम्हा सहाजणींना पुण्याला पाठवून बीएलएस आणि एसीएलएस (बंद पडलेलं हृदय सुरू करण्याचे प्राथमिक आणि पुढचे कोर्स) करून आणलं. लेखी परीक्षेत सगळ्यांत जास्त मार्क मला होते.

गेल्या महिन्यात नाईटला मेडिकल वॉर्डात मी आणि मावशी दोघीच होतो, पेशंट अठरा. तीनच्या सुमाराला एका पेशंटचा मुलगा आला. म्हणाला, ‘सिस्टर, बाबा घोरायला लागलेत, जरा बघता का?’ मी गेले, हाका मारल्या, हलवलं. उठले नाहीत. मी बीपीचं मशिन आणायला धावले. बीपी लागेना. मग बोटाला ऑक्सिजन मोजायचा प्रोब लावला, तो आकडाच दाखवेना. मला वाटलं प्रोब बिघडला, म्हणून दुसरा आणला. मग डॉक्टरांना बोलवायला कॅज्युअल्टीत धावले. ते आल्यावर सीपीआर (छाती दाबणं आणि श्वास देणं) सुरू झाला. पेशंट गेला. मला कुणी काही बोललं नाही, पण चार मिनिटं तरी फुकट गेली हे मला माहीत आहे. झोप लागत नाही. घरी सासरे घोरतात, तरी मी दचकून उठते.

आता इन्स्पेक्शन येणार म्हणून त्या कोर्सचं कार्ड रिन्यू करायला सांगितलंय. या वेळी पैसे पगारातून कापणार आहेत. मैत्रीण म्हणते, व्हॉट्सॲपवर जाहिरात आलीय, घरबसल्या दोन तासांत कार्ड मिळतं. ते घेऊ का? की वॉर्ड सोडून ओपीडी मागून घेऊ? मला सगळं येत होतं, मग हात का चालले नाहीत?

— एक सिस्टर, सोलापूर जिल्हा

---

प्रिय सिस्टर,

तुला ‘तुम्ही’ म्हणायला हवं, पण माझ्या धाकट्या लेकीपेक्षाही तू लहान आहेस, तेव्हा अगं-तुगंच करते.

सासरे घोरले की तू दचकतेस हे वाचलं आणि पत्र बाजूला ठेवून मी आधी चहा टाकला. चौतीस वर्षं नोकरी केली. त्यातली निम्मी वॉर्डात आणि आयसीयूत गेली, निम्मी पोरींना डमीच्या छातीवर हात ठेवायला शिकवण्यात. अशी पत्रं मला वर्षाला चार-दोन येतात, आणि लिहिणाऱ्या बहुतेक हुशार असतात. जिला काहीच येत नाही तिला आपलं काय चुकलं ते कळतही नाही, मग ती पत्र कशाला लिहील?

आधी त्या आवाजाचं सांगते. ते घोरत नव्हते.

हृदय बंद पडलं तरी मेंदूच्या देठात काही मिनिटं थोडा जीव शिल्लक असतो, आणि तो अधूनमधून छातीला एक हिसका देतो. जबडा खाली येतो, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तोंड उघडतं, घशातून खर्र असा आवाज येतो. मग काही नाही. मनात सहा-सात आकडे मोजून होतात तरी काही नाही, आणि पुन्हा एक खर्र. याला आपण गॅस्पिंग म्हणतो. घोरणारा माणूस लयीत घोरतो, त्याची छाती खालीवर होत राहते आणि खांदा हलवला की तो कुशीवर वळतो, नाहीतर शिवी तरी देतो. नातेवाइकाला हा फरक कळणं शक्य नाही. तो ‘घोरतायत’ म्हणेल, ‘धाप लागलीय’ म्हणेल, कुणी ‘झटका आलाय’ म्हणेल, कारण सुरुवातीला काहींचे हातपाय क्षणभर ताठतातही. आपल्या आज्या ‘घरघर लागली’ म्हणायच्या, ते याचंच एक भावंड.

तू म्हणशील, हे पुस्तकात होतं. होतंच. ‘श्वास नाही, किंवा फक्त गॅस्पिंग’ ही ओळ तू परीक्षेत लिहिलीही असशील. पण पुण्याला ज्या डमीवर तू पास झालीस ती घोरली होती का? डमी गप्प पडून असते. इन्स्ट्रक्टर सांगतो, ‘पेशंट श्वास घेत नाहीये’, आणि आपण दाबायला लागतो. खरा पेशंट मात्र आवाज करत मरतो, आणि ते तुला कुणी ऐकवलेलं नव्हतं. मी शिकवायला लागल्यावर पहिली काही वर्षं मीही ऐकवत नव्हते. आता स्वतः जमिनीवर आडवी पडते आणि गॅस्पिंग करून दाखवते. पोरी हसतात. हसू देत, आवाज कानात राहतो.

आता तुझा प्रश्न, हात का चालले नाहीत. हात चालले की! ते रोजच्या वाटेने चालले. चार वर्षांत ‘सिस्टर, जरा बघता का’ हे तू हजारदा ऐकलं असशील आणि हजारदा बीपीचं मशिन घेऊन गेली असशील. रात्री तीनला, अर्धवट झोपेत, माणूस ठरवून काही करत नाही, सवयीनं करतो. दीड वर्षापूर्वीच्या दोन-तीन दिवसांच्या सरावाने ती वाट मोडणार कशी? कार्डावर मुदत दोन वर्षांची छापलेली असली तरी हातातलं कसब तीन ते सहा महिन्यांत उतरायला लागतं. हे जगभर तपासून झालेलं आहे, आणि डॉक्टरांचंही तसंच होतं.

आणि तो प्रोब बिघडलेला नव्हता. बोटात रक्त पोचत नव्हतं म्हणून आकडा येत नव्हता. पुढच्या वेळी हाकेला ओ नाही आणि श्वास धड नाही असं दिसलं की बीपी, प्रोब, शुगर काही म्हणजे काही आणायला जायचं नाही. एक हात मानेतल्या नाडीवर, डोळे छातीवर, जास्तीत जास्त १० सेकंद. नाडी लागतेय अशी खात्री वाटली नाही तर ती नाहीच असं धरून दाबायला सुरुवात. चुकून जिवंत माणसाच्या छातीवर चार दाब पडले तर तो कण्हेल, तुझा हात झटकेल, फारतर बरगडी दुखेल. दुसऱ्या बाजूची चूक किती महाग पडते ते तुला मी सांगायला नको.

त्या चार मिनिटांनी काही फरक पडला नसता, असं काही मी लिहिणार नाही. प्रत्येक मिनिटाला शक्यता घटते, हे तुला ठाऊक आहे, आणि खोटा धीर दिला तर तू बाकीच्या पत्रावरही विश्वास ठेवणार नाहीस. पण हेही खरं आहे की अमेरिकेतल्या सुसज्ज रुग्णालयांत, आत भरती असलेल्या पेशंटचं हृदय बंद पडलं तर घरी परत जाणारे चारात साधारण एक. मॉनिटर, टीम, सगळं हाताशी असून. तुझ्या वॉर्डात अठरा पेशंटमागे एक सिस्टर, डॉक्टर दुसऱ्या टोकाला, आणि त्यांना बोलवायला धावत जावं लागतं. ही मांडणी तू केलेली नाहीस.

आता एक जुनी गोष्ट. १९८८ साल, मला स्टाफ म्हणून लागून सात महिने झाले होते. गाव आणि हॉस्पिटल सांगत नाही. पिकावर मारायचं औषध प्यालेला एकोणीस वर्षांचा मुलगा रात्री आला. पोट धुतलं, ॲट्रोपिन सुरू झालं, आणि पहाटे त्याचा श्वास थांबला. हाताने दाबून श्वास द्यायची ॲम्बू बॅग सापडली, तिला मास्क होता लहान मुलाचा. ऑक्सिजनचा सिलिंडर वॉर्डबॉय मामांनी घरंगळत आणला, पण त्याची चावी नव्हती. ती सर्जिकल वॉर्डातल्या सिलिंडरला सुतळीनं बांधलेली असायची, हे नंतर कळलं. मामा चावी शोधायला गेले. तोवर डॉक्टरांनी घशात बघायचा लॅरिंगोस्कोप उघडला तर दिवा लागेना, सेल काढून कुणीतरी टॉर्चला घातले होते. मी तो लहान मास्क त्याच्या नाकातोंडावर धरून बॅग दाबत होते आणि हवा सगळी गालांवरून बाहेर जात होती. ती फुस्स फुस्स मला आजही ऐकू येते. तुझं जसं घोरणं, तसं माझं हे.

चावी कुठे असते हे त्या हॉस्पिटलात निदान वीस जणांना माहीत होतं. त्यातलं रात्री हजर कुणीच नव्हतं.

म्हणून तुझ्या पत्रातलं मला सगळ्यांत जास्त खटकलं ते वेगळंच आहे. तुम्हा सहाजणींना पुण्याला पाठवलं, छान केलं. पण रात्री तीन वाजता तुझ्याबरोबर त्या सहापैकी एक तरी होती का? तुझ्याबरोबर मावशी होत्या. तुझ्या अख्ख्या पत्रात मावशींचं नाव एकदाच येतं, ‘मी आणि मावशी दोघीच होतो’, आणि मग त्या गायबच होतात. तू मशिन आणायला धावलीस, प्रोब आणलास, डॉक्टरांकडे धावलीस. मावशी कुठे होत्या? माझा अंदाज सांगू? पलंगाच्या पायथ्याशी पदर तोंडाला लावून उभ्या असतील, आणि मुलाला धीर देत असतील. त्यांना कुणी काही शिकवलंच नसेल, तर दुसरं काय करतील?

छाती दाबणं हे काम डॉक्टरांची मक्तेदारी म्हणून जन्मालाच आलेलं नाही. १९६० मध्ये अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून ज्या तिघांनी बाहेरून छाती दाबण्याची पद्धत जगापुढे ठेवली, त्यातले काउवेनहोव्हन आणि निकरबॉकर हे इंजिनिअर, एकटे ज्यूड तेवढे सर्जन. काउवेनहोव्हन तर विजेच्या धक्क्याने मरणाऱ्या माणसांचा अभ्यास करता करता इथे पोचले. या कामाला दोन हात पुरतात, ते कुणाचेही चालतात, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय. आणि ज्या डमीवर तू शिकलीस ती प्रथम बनवली ती नॉर्वेतल्या आसमुंड लेर्डाल नावाच्या खेळणीवाल्याने. एका अनोळखी मुलीचा म्हणून पॅरिसमध्ये प्रसिद्ध असलेला मुखवटा त्याने तिला चेहरा म्हणून दिला. सांगायचा मुद्दा, इंजिनिअर आणि खेळणीवाला चालतात, तर आपल्या मावशी का नाही चालणार? लुगड्याचा काचा मारून दिवसभर फरशी पुसणाऱ्या बाईच्या दंडात तुझ्या-माझ्यापेक्षा ताकद जास्त असते.

तेव्हा असं कर. एक वार ठरव, मंगळवार म्हण. नाईटचा हँडओव्हर झाला की दहा मिनिटं. कुणाची परवानगी मागत बसू नकोस, इन्चार्ज सिस्टरना नुसतं सांगून ठेव.

पहिल्या मंगळवारी कुणाच्याही छातीला हात लावायचा नाही, फक्त वस्तू शोधायच्या. मोबाईलवर वेळ लाव आणि सगळ्यांत लांबच्या खाटेपाशी क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या सामानाची गाडी, आणून दाखवा म्हण. गाडीला कुलूप आहे का, आणि किल्ली कुणाच्या कनवटीला असते? (किल्ली इन्चार्जबरोबर घरी जाते, असे वॉर्ड मी मोजून पाच पाहिलेत. तुटणारं प्लास्टिकचं सील त्यापेक्षा बरं.) बॅग दाबून बघ, मास्क मोठ्या माणसाचा आहे का बघ, नळी खरंच सिलिंडरला जोड आणि फुस्स होतंय का ऐक. बॅगला मागची पिशवी नसेल आणि ऑक्सिजन जोडलेला नसेल तर आपण खोलीतली हवाच भरत असतो. सक्शन ओढतंय का? लॅरिंगोस्कोप उघडून दिवा लाव. डीफिबचा, म्हणजे शॉक द्यायच्या मशिनचा, प्लग खाटेजवळच्या बोर्डात बसतो का? माझ्या एका विद्यार्थिनीच्या वॉर्डात तो बसत नव्हता आणि एक्स्टेन्शन मेट्रनच्या केबिनमध्ये पंख्याला लावलेलं होतं. ॲड्रिनलिनची तारीख बघ. एवढ्यात दहा मिनिटं संपतील आणि निम्म्या गोष्टी जागेवर सापडणार नाहीत. वहीत लिही, तारखेसकट.

दुसऱ्या मंगळवारी फक्त ओरडायचं. हसू नकोस. आपल्याकडच्या मुली ओरडतच नाहीत, पेशंट उठतील म्हणून. तू खाटेपासून हलायचं नाही, हा एकच नियम. जाणार मावशी. ‘कुणीतरी डॉक्टरांना बोलवा’ असं हवेत म्हटलं तर कुणीच जात नाही, नाव घेऊन सांगायचं. कॅज्युअल्टीचा नंबर मावशींच्या मोबाईलमध्ये पहिल्या क्रमांकावर टाकून दे. बोलायचं वाक्यही ठरवून दे: ‘मेडिकल वॉर्ड, सात नंबर, अरेस्ट.’ अरेस्ट म्हणजे हृदय बंद, हे त्यांना सांगून ठेव. तो मुलगा शेजारी उभा असेल तर त्यालाही काम दे, पडदा ओढ म्हणावं, टेबल बाजूला घे म्हणावं. रिकाम्या हातांनी बघत राहिलेल्या नातेवाइकापेक्षा काम करणारा नातेवाईक बरा.

तिसऱ्या मंगळवारी दाबायचं. डमी नसेल तर दोन रिकाम्या प्लास्टिकच्या सलाईनच्या बाटल्या चादरीत घट्ट गुंडाळ. खोली त्यावर कळत नाही, पण हाताची ठेवण आणि लय बसते. जिवंत माणसावर मात्र सराव करायचा नाही, गमतीतसुद्धा. उंची किती तुझी? पाच फूट एक-दोन इंच असेल तर आपल्याकडच्या लोखंडी खाटांवर तुझे खांदे पेशंटच्या छातीच्या वर येणारच नाहीत, मग कोपरं वाकतात आणि मिनिटाभरात दम लागतो. पायाखाली स्टूल पाहिजे. प्रत्येक वॉर्डात ड्रेसिंगसाठी एक असतं, ते क्रॅश कार्टला बांधून ठेव. पाठीखाली फळी पाहिजे, नाहीतर तू छाती नाही, गादी दाबत असतेस. पेशंट हवेच्या गादीवर असेल तर तिची हवा आधी सोडायची.

लय मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हे तुला पाठ आहे. तुला कदाचित नसेल माहीत ते सांगते. मराठीत तीसपर्यंत मोजताना ‘एकोणीस’ला जीभ अडते, ‘एकोणतीस’ला पुन्हा अडते, आणि जिभेबरोबर हातही मंदावतो. मी दहा-दहाचे तीन मोजायला लावते. एक ते दहा, एक ते दहा, एक ते दहा, आणि दोन श्वास. ३० दाब १५ ते १८ सेकंदांत झाले पाहिजेत, घड्याळ लावून बघ.

चौथ्या मंगळवारी मावशी दाबणार आणि तू बॅग धरणार. दोन मिनिटांनी अदलाबदल. दमली नाही वाटलं तरी बदल करायचाच, कारण दाब उथळ झालेला दाबणाऱ्याला कळत नाही. बॅग पूर्ण पिळायची नाही, छाती जेमतेम उचलेल एवढीच, एका सेकंदात. घाबरलेला माणूस बॅग धडाधडा दाबतो, मग पोट फुगतं, उलटी वर येते, आणि छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्तही अडतं. माझं मत विचारशील तर निम्म्या अरेस्टमध्ये बॅगवाला माणूसच घोळ घालतो.

पाचव्या मंगळवारी डॉक्टरांना बोलाव. इथे जरा थांबते, कारण खरी अडचण इथे आहे. आपल्याकडे सर आले की सिस्टरचे हात आपोआप मागे जातात. सर श्वासनलिकेत नळी टाकायला बघतात, सगळे श्वास रोखून उभे, आणि छाती कुणीच दाबत नाही. अर्धं मिनिट, कधी पाऊण. दाब थांबला की रक्त थांबलं, मग नळी कितीही सुंदर बसो. ‘सर, दहा सेकंद झाले, मी दाबायला घेते’, हे वाक्य तुझ्या तोंडून सरावात एकदा निघालं पाहिजे, म्हणजे खऱ्या वेळी निघेल. चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही. जो मानतो त्याला मंगळवारी चहाबरोबर सांगून ठेवलेलं बरं, रात्री तीनला सांगायला गेलीस तर नळी आणि अहंकार दोन्ही अडकतील.

औषधं सांगितली की मोठ्याने परत म्हणायची: ‘ॲड्रिनलिन १ मिलिग्रॅम दिलं, ३ वाजून ८ मिनिटं.’ दर तीन ते पाच मिनिटांनी, मागून २० मिली सलाईन, आणि तो हात वर उचलून धरायचा. वेळ सांगायला आणि वहीत लिहायला एक माणूस बाजूला. वॉचमन काकांना लिहिता येतं ना? झालं तर. आणि अख्खा ट्रे रिकामा करायची जुनी खोड आहे आपल्याकडे, हायड्रोकॉर्ट दे, डेक्सा दे, सोडाबायकार्ब दे. मॉनिटरवरच्या सरळ रेषेला ॲट्रोपिन देणं तर २०१० मध्येच मार्गदर्शक तत्त्वांतून गेलं, तरी हात तिकडे जातोच. सरळ रेषेला शॉकही देत नाहीत. सिनेमात देतात, आणि नातेवाइकांनी सिनेमा पाहिलेला असतो, म्हणून ते विचारतात. शॉक हृदय फडफडत असेल तर, आणि नाडी नसलेल्या व्हीटीला, म्हणजे हृदयाच्या अतिवेगवान लयीला. या नियमांत बदलही होत असतात. मी स्वतः १५ दाबांना २ श्वास शिकले होते, २००५ मध्ये ३० झाले, २०१० मध्ये श्वासाआधी दाब आले. ज्या पोरींना मी आधीचं शिकवलं होतं त्यांना पुन्हा बोलावून शिकवलं. लाज वाटली नाही.

आता कार्ड. व्हॉट्सॲपवरचं घेऊ नकोस. बीएलएस हे हाताचं काम आहे, घरबसल्या येत नाही. पोहणं यूट्यूबवर शिकून विहिरीत उडी मारतं का कुणी? अभ्यासाचा भाग ऑनलाइन असला तर हरकत नाही, बऱ्याच चांगल्या कोर्सचा असतो, पण डमीवर, समोर इन्स्ट्रक्टर उभा राहून हात तपासल्याशिवाय मिळालेलं कार्ड म्हणजे रंगीत कागद. इन्स्पेक्शनवाल्यांना तो दाखवता येईल, हे मी नाकारत नाही. पण तू मला इन्स्पेक्शनसाठी पत्र लिहिलेलं नाहीस.

पैशांचं म्हणशील तर कार्ड हॉस्पिटलला पाहिजे, इन्स्पेक्शन हॉस्पिटलचं, मग खर्च तुझ्या पगारातून का? एकटी जाऊ नकोस, सहाही जणी मिळून लेखी द्या, शब्द नरम ठेवून. सोबत हेही सुचवा: सहाजणींना पुण्याला पाठवण्याऐवजी एक इन्स्ट्रक्टर आणि चार डमी इथे आणा, म्हणजे मावशी, मामा, वॉचमन, लॅबवाला मुलगा सगळेच शिकतील. इंडियन रिससिटेशन कौन्सिलने आपल्या देशासाठी तीन पायऱ्या केलेल्या आहेत. सामान्य माणसासाठी कोल्स, म्हणजे फक्त छाती दाबणं, तोंडाने श्वास नाही. मग हॉस्पिटलबाहेरच्या प्रशिक्षितांसाठी बीसीएलएस, आणि आत काम करणाऱ्या डॉक्टर-नर्ससाठी सीसीएलएस. मावशींना कोल्स पुरतं, थोड्या वेळात शिकून होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी भूलतज्ज्ञांची संघटना असते, तिथे विचारणा करा. बरेच भूलतज्ज्ञ हे आवडीने शिकवतात, फक्त कुणीतरी विचारावं लागतं.

कोर्स निवडताना आणखी एक बघ. तुमच्याकडे लेबर रूमची ड्यूटी फिरून येत असेल, तर नवजात बाळाचं वेगळं शीक. तिथे गणित उलटं आहे. मोठ्या माणसाचं बहुतेक वेळा हृदय आधी अडतं, बाळाचा श्वास. न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत बॅगने श्वास मिळाला की बहुतेकांना दुसरं काही लागतच नाही. सरकारचा नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम २००९ पासून नेमकं हेच शिकवतोय. तुमच्या उसाच्या पट्ट्यात मण्यारही असतेच. पहाटे ‘पोटात दुखतंय’ म्हणून आलेला, दंशाची खूण नसलेला, पापण्या जड झालेला शेतकरी दिसला तर बॅग उशाशी आणून ठेव. त्याचं हृदय ठणठणीत असतं, श्वासाचे स्नायू तेवढे झोपतात. अशा माणसाला रेफर करताना वाटेत बॅग दाबत राहिलं तर तो काही दिवसांनी स्वतःच्या पायांनी घरी जाऊ शकतो. १०८ मागवताना ॲडव्हान्स्ड गाडी स्पष्ट मागायची. २०१४ मध्ये ही सेवा राज्यात सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी, आणि त्यातल्या ॲडव्हान्स्ड होत्या २३३, तेव्हा न मागता तीच येईल या भरवशावर राहू नकोस.

ओपीडी मागू नकोस, निदान सहा महिने तरी. अरेस्ट काय फक्त वॉर्डात होतो? इंजेक्शन रूममध्ये होतो, केसपेपरच्या रांगेत होतो. तिथे तर क्रॅश कार्टही नसते.

झोपेचं मात्र मनावर घे. त्या रात्री जे डॉक्टर होते त्यांच्याशी एकदा बस. दोषाचा विषय नको, फक्त काय घडलं ते दोघांनी मिनिटामिनिटाने सांगायचं, मावशींनाही बसवून घ्यायचं. खरं तर हे त्याच पहाटे, पेशंट हलवल्यावर पाच मिनिटांत व्हायला हवं होतं. आपल्याकडे त्या वेळात फक्त सह्या होतात. त्या डॉक्टरलाही झोप येत नसेल कदाचित, कोण जाणे. तरीही आणखी दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात. नर्सने फोन केला म्हणून कुणी नाव ठेवत नाही. आणि सासूबाईंना सांगून टाक, का दचकतेस ते. घरात कुणाला माहीत असलं की रात्र थोडी लहान होते.

पहिल्या मंगळवारी वहीत काय काय लिहावं लागलं ते मला कळव. आणि सिलिंडरची चावी कुठे सापडली, तेही.

— तुझी ताई